दोघे समक्ष हजर झाल्यावरच

लिलावाच्या यादीत एक्केचाळिसाव्या क्रमांकावर तिचे वर्णन सात शब्दांत उरकले होते : ‘जुनी जेंट्स सायकल, काळी. आहे त्या स्थितीत.’ तिच्या वर बत्तीस लोखंडी खाटा होत्या आणि खाली पाणी तापवण्याचा एक गळका बंब. सांगलीतील एका शिक्षणसंस्थेने आपले जुने वसतिगृह पाडायला काढले होते आणि आतले सामान ऑनलाइन लिलावाने विकायचे ठरवले होते. ती यादी सांगलीच्या मेहुण्याने माझ्या पत्नीच्या मोबाईलवर पाठवली.

“अहो, तुमचं वसतिगृह पाडतायत,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “घेताय का एखादी खाट? ढेकणांसकट मिळेल.”

मी चष्मा पुसून छायाचित्र मोठे केले. कॅरिअरवर एक लाकडी फळी होती. ती चार स्क्रूंनी बसवलेली होती, आणि त्यातला एक स्क्रू बाकी तिन्हींपेक्षा जाड होता. तो स्क्रू मी बसवला आहे. त्या वेळी दुकानात तीनच सारखे मिळाले होते.

मी उठून कपाटातील तिसऱ्या कप्प्यातून निळी फाईल काढली. पावती जागेवर होती. कागद पिवळा पडला होता, शिक्का मात्र शाबूत होता. ‘सायकल नग एक, ठेव म्हणून स्वीकारली. दोघे समक्ष हजर झाल्यावरच परत दिली जाईल.’ खाली अधीक्षकांची सही. या गोष्टीला सत्तेचाळीस वर्षे झाली.

ठेव म्हणून घेतलेली वस्तू ठेव घेणाऱ्याने विकायची नसते. हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन गावाला जाणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असते. मी दुय्यम निबंधक कार्यालयात बत्तीस वर्षे काढली. दस्त नोंदवायला आलेल्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : लिहून देणारा आणि लिहून घेणारा, दोघे हजर आहेत का? नसतील तर मी पुढचे पान उलटत नसे. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचीच सायकल ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाणार होती.

*

माझे गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. तिथे सायकल मिळाली असती तरी चढाला ती खांद्यावर घ्यावी लागली असती. म्हणून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शिकायला सांगलीला गेलो, तेव्हा मला ती चालवता येत नव्हती. वसतिगृहात माझ्या खोलीत दुसरा जो मुलगा होता, तो कृष्णेपलीकडच्या एका गावचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा. अंगाने आडवा, बोलायला मोकळा. पहिले दोन महिने मला त्याची एक गोष्ट कळत नव्हती. आठवड्यातून तीन-चार रात्री तो न जेवता झोपत असे.

“रोज उपाशी का झोपतोस?” मी एकदा विचारले.

“रोज कुठं? ज्या दिवशी तास लांबतोय त्याच दिवशी. दिवस बुडाला की न्हाई जेवायचं आमच्यात.”

“मग तास बुडवावा.”

“तास बुडवायचा, न्हाईतर दिवस बुडायचा. कायतरी एक बुडणारच की गड्या.”

कॉलेज गावाच्या एका टोकाला, वसतिगृह दुसऱ्या टोकाला. हिवाळ्यात शेवटचा तास सुटे तेव्हा सूर्य जेमतेम उरलेला असे. पायी गेल्यास जेवण चुकायचे. म्हणून आम्ही निम्मे निम्मे पैसे घालून एक वापरलेली सायकल घेतली. त्याने मला ती आठ दिवसांत शिकवली, आणि नंतर तीन वर्षे मीच चालवली, कारण माझे पाय डोंगराचे होते. तो मागे फळीवर बसे, पाठीला पाठ लावून, तोंड मावळतीकडे. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते तो मोजत असे आणि मला ओरडून सांगत असे.

“चार बोटं हाय! सावकाश मार!”

“दोनच राह्यली रं! हाण!”

“बोट हाय, बोट हाय, आरं म्हशीला घंटी काय वाजवतूस, बाजूनं काढ!”

माझ्या पाठीमागे काय चालले आहे ते मला दिसत नसे. त्याच्या बोटांवर माझा संपूर्ण विश्वास असे. तीन वर्षांत आम्ही सूर्याकडून मोजून चार वेळा हरलो.

भांडण झाले ते शेवटच्या दिवशी. ट्रंका बाहेर आल्या होत्या. तो म्हणाला, “सायकल तू ने.” मी म्हणालो, किंमत ठरवू आणि तुझा निम्मा हिस्सा मी देतो. तो म्हणाला, मला काही नको. मी म्हणालो, मग बक्षीस दिली असे दोन ओळींत लिहून दे. मला कोणाचे फुकट घ्यायचे नव्हते. गरिबाघरच्या मुलाला ती एकच श्रीमंती परवडते, आणि ती त्याने हसण्यावारी नेऊ नये एवढीच माझी अपेक्षा होती.

तो हसला. व्हरांड्यात पंधरा-वीस मुले उभी होती, त्यांच्याकडे वळून म्हणाला, “आरं, ह्याला कागूद पायजे! उद्या बायको बी पावती फाडूनच घरात घील ह्यो!”

सगळा व्हरांडा हसला. मी सायकल धरून सरळ अधीक्षकांच्या खोलीत गेलो आणि ती त्यांच्याकडे ठेव म्हणून जमा केली. दोघे एकत्र येतील तेव्हाच द्यावी, एकट्याला नाही, मलासुद्धा नाही, अशी अट मीच घातली. अधीक्षक थकलेले गृहस्थ होते. त्यांनी पावती लिहून दिली. मला वाटले होते की तो संध्याकाळपर्यंत येईल.

पुढच्या तीन वर्षांत मी त्याला सहा नोंदणीकृत पत्रे पाठवली. सहाही पोचपावत्या त्याच्या सहीने परत आल्या. उत्तर एकाचेही आले नाही. सहाव्या पत्राच्या शेवटी मी लिहिले : ‘यापुढे तोंडी केलेला कोणताही संपर्क ग्राह्य धरला जाणार नाही.’ त्यानंतर तोंडीही काही आले नाही.

*

संस्थेला मी पहिल्या दोन दिवसांत चार पत्रे पाठवली. रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. त्याविषयीची माझी तक्रार स्वतंत्र आहे. सोबत पावतीची साक्षांकित प्रत जोडली. ईमेलनेही पाठवले. ईमेलला चार सेकंदांत उत्तर आले की आपला संदेश आम्हाला महत्त्वाचा आहे. चार सेकंदांत सात परिच्छेद वाचणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

लिलावाच्या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूखाली विचारणेसाठी एक चौकट होती, सर्वांना दिसणारी. तिच्यात एका वेळी दोनशे अक्षरेच मावत. म्हणून मी माझी हरकत एकोणीस भागांत नोंदवली. अठराव्या भागात स्पष्ट लिहिले की सदर वस्तू माझ्या व अन्य एका गृहस्थाच्या समाईक मालकीची असल्याने मी स्वतःच्याच वस्तूवर बोली लावणार नाही. एकोणिसाव्यात ‘एक ठेवीदार, सातारा’ अशी सही केली. खाली कोणीतरी लिहिले : ‘काका, घ्यायची तर घ्या, नाहीतर रस्ता सोडा.’ आणि त्याच्याही खाली अकरा क्रमांकाच्या बोलीदाराची विचारणा होती : ‘फक्त चाके मिळतील का? हायवेवर हॉटेल आहे. भिंतीत अर्धी अर्धी गाडून शो करायचा आहे.’

ती विचारणा मी तीनदा वाचली.

त्याच दुपारी मी पत्नीच्या मोबाईलवरून नाव नोंदवले. मला सात क्रमांक मिळाला; क्रमांक ओळीने पडत नव्हते. नाव कोणालाच दिसत नव्हते, दिसत होता तो फक्त क्रमांक, रक्कम आणि वेळ. मी एका कागदावर लिहिले : ‘सर्व हक्क राखून, कमाल मर्यादा रुपये चार हजार’, सही केली आणि तारीख घातली.

“तुम्ही तर बोली लावणार नव्हता,” पत्नी म्हणाली. “एकोणीस तुकडे करून सांगितलंत जगाला.”

“हक्क राखून लावतो आहे.”

“म्हणजे लावताय.”

“हक्क राखून.”

“माझ्या वडिलांकडून भांड्यांची यादी घेतली होतीत, दोन प्रतींत, ती पण हक्क राखूनच का?” ती भाजी चिरत होती. “तो मित्र तुमचा व्हरांड्यात काय खोटं बोलला होता, ते मला अजून कळलेलं नाही.”

लिलाव सात दिवस चालणार होता, रविवार ते शनिवार, शनिवारी संध्याकाळी साडेसातला समाप्त. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर मुदत त्या बोलीपासून दोन मिनिटे वाढणार, असा एक नियम होता. मुदत ही मुदत असते, ती रबराची नसते, म्हणून मी या नियमालाही हरकत घेतली होती.

तीनशेपासून सुरुवात झाली आणि पहिल्या दिवसापासून एक माणूस माझ्या मागे लागला : बोलीदार क्रमांक तीन. मी शंभर वाढवले की तो शंभर वाढवी. मी पहाटे लावली की तो सकाळी लावी. त्याला घाई नव्हती आणि दमही लागत नव्हता. मंगळवारी माझी खात्री झाली की हा संस्थेचाच माणूस असणार. विकणाऱ्यानेच गुपचूप बोली लावून भाव चढवायचा, हा कपटाचा जुना प्रकार आहे. कंपनीकडे तक्रार करायची तर पुरावा हवा. म्हणून मी फुलस्केपवर तीन क्रमांकाच्या प्रत्येक बोलीची वेळ उतरवू लागलो.

शनिवारी दुपारी मी तो कागद समोर घेऊन बसलो. सतरा बोली. त्यातली एकही सूर्योदयापूर्वीची नव्हती. बुधवारी पूर्ण दिवस एकही नव्हती, मी पहाटेच वाढवूनही. आणि रोज संध्याकाळी सातच्या आधी तो थांबे, ते पावणेआठपर्यंत गप्प राही. नोकरदार माणूस संध्याकाळी मोकळा होतो. हा मात्र संध्याकाळी बंद होत होता. मी तक्रारीत लिहायला घेतले : ‘सदर बोलीदार संशयास्पदरीत्या’ आणि तिथे माझे पेन थांबले.

आमच्या स्वयंपाकघरात सांगलीच्या एका हळदीच्या अडत दुकानाची दिनदर्शिका असते. दर वर्षी मेहुणा ती घेऊन येतो. ते दुकान कोणाचे आहे हे मला ठाऊक आहे. दिनदर्शिकेला माझी हरकत कधीच नव्हती. दुकानाचे नाव मला दिसू नये एवढीच माझी अट होती, आणि म्हणून पत्नी त्या नावावर माझ्या औषधांच्या वेळांचा कागद चिकटवते.

मी उठून दिनदर्शिकेपाशी गेलो. बुधवार : चतुर्दशी, म्हणजे त्याच्या उपवासाचा दिवस, व्यवहार बंद. खाली बारीक अक्षरांत सूर्यास्त : सहा बावन्न. सूर्यास्तापासून दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. सामायिक, म्हणजे जैनांची ध्यानाची बैठक. वसतिगृहात त्या वेळी मी दिवा बारीक करून खोलीबाहेर बसत असे, कारण तो भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलेला असे आणि खोलीला आग लागली तरी उठला नसता. सहा बावन्न अधिक अठ्ठेचाळीस. सात चाळीस.

मी परत येऊन खुर्चीत बसलो. हातातले पेन खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

*

सहा एकोणपन्नासला तीन क्रमांकाने तीन हजार नऊशे लावले. त्यानंतर शांतता. त्याचा सूर्य बुडाला होता.

“झालं की मग,” पत्नी म्हणाली. एव्हाना ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली होती. “साडेसातला संपतोय. तुमचे चार हजार आहेत. लावा आणि घ्या.”

“तो हजर नाही.”

“कोण?”

“दुसरा पक्ष. तो सात चाळीसपर्यंत हजर होऊ शकत नाही. त्याच्या पाठीमागे लावलेली बोली ही एकतर्फी होईल.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि प्रथमच त्या आठवड्यात टोमणा मारला नाही. “त्याला फोन करा.”

“मी लेखी कळवले आहे की तोंडी संपर्क—”

“सत्तेचाळीस वर्षांपूर्वी!”

“चव्वेचाळीस. सहावे पत्र नंतरचे आहे.”

सात वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर एक नवी ओळ आली. बोलीदार क्रमांक अकरा : चार हजार पाचशे.

हॉटेलवाला सात दिवस दबा धरून बसला होता. माझी मर्यादा चार हजार, ती सहीनिशी टेबलावर पडलेली. ज्याच्यापाशी मर्यादा नव्हती असा एकच माणूस होता, आणि तो सांगलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. अठरा मिनिटे उरली होती. त्यानंतर ती फळी जळणात जाणार होती आणि चाके करवतीखाली.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि दिनदर्शिकेवरचा औषधांचा कागद ओढून काढला. नावाचा अर्धा भाग त्याच्याबरोबर निघाला. फोन नंबर मात्र राहिला.

पाचव्या घंटीला एका बाईंनी उचलला. सूनबाई असाव्यात.

“मी साताऱ्याहून बोलतो आहे,” मी म्हणालो.

“अगं बाई. साताऱ्याला फोन हाईत व्हय?”

“त्यांना जरा—”

“मामंजी बसल्यात. पावणेआठाशिवाय उठायचं न्हाईत. पन थांबा, चिट्ठी हाय तुमच्या नावची. रोज बसायच्या आदी फोनखाली ठेवत्यात, आज सातवा दिवस. म्हणत्यात, त्याला तोंडी चालत न्हाई, लिहूनच द्यावं लागतंय. वाचू का?”

मी वाचा म्हणालो. म्हणालो की नाही हे आता आठवत नाही, पण त्यांनी वाचली.

“‘साताऱ्याचा फोन आल्यास वाचून दाखवणे. मी बोली लावतो ती दोघांची. तू बोली लावणार न्हाई असं जाहीर लिहिलंस ते वाचलं, म्हणून मी लावतो. सात नंबर कोण हाय कळंना, लय इरेला पेटलाय. मी बसल्यावर त्यो मारून न्हील. तेवढा वेळ तू सांभाळ. निम्मे माझे धर.’ खाली सही हाय, तारीख हाय. रोजची तारीख खोडून नवी घालत्यात.”

मी फोन ठेवला. पत्नीने विचारले काय झाले. मी सांगितले की त्याने मला माझ्यापासून सायकल सांभाळायला सांगितले आहे.

मग मी माझा मर्यादेचा कागद पुढे ओढला. चार हजार ही मर्यादा मी माझ्यापुरती लिहिली होती. दुसऱ्या सहमालकाने निम्म्याची लेखी हमी दिल्यावर ती दोघांची आठ हजार होत होती. मी तसा शेरा मारला, सही केली, वेळ घातली : सात एकोणीस. पत्नीने कपाळाला हात लावला, पण पेनचे टोपण तिनेच उचलून दिले.

“आता लावा पटकन!”

“पटकन नाही.” ज्या रबरी नियमाला मी हरकत घेतली होती, तो आता मला पाठ होता. शेवटच्या क्षणी लावलेली प्रत्येक बोली दोन मिनिटे विकत घेत होती. मला सात तीसचे सात चाळीस करायचे होते. दुसरा पक्ष हजर होईपर्यंत तारीख लांबवायची, एवढेच काम होते, आणि ते काम करणारी माणसे मी नोकरीत जन्मभर पाहिली होती.

सात एकोणतीस आणि पन्नास सेकंदांना मी चार हजार सहाशे लावले. मुदत सात एकतीसच्या शेवटाला गेली. अकराने अर्ध्या मिनिटात पाच हजार दोनशे केले. मी थांबलो. सेकंद उलटे मोजले जात होते आणि पत्नी ते मोठ्याने वाचत होती. वीस, पंधरा, अकरा, “अहो!” मी पाच हजार तीनशे लावले. तो सहा हजार. मी पुन्हा शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत काही केले नाही. माझा अंगठा घामाने ओला झाला आणि पडद्याने तो एकदा ओळखलाच नाही. पत्नीने पदराने मोबाईल पुसून दिला, चार सेकंद उरले असताना सहा हजार शंभर गेले.

सात हजार. सात हजार शंभर. अकराचा माणूस चिडला असावा, त्याच्या उड्या मोठ्या होऊ लागल्या. सात हजार नऊशे. घड्याळात सात छत्तीस.

सात अडतीसला, आठ सेकंद उरले असताना, मी आठ हजार लावले. माझ्यापाशी त्यापुढे काही नव्हते.

अकरा : आठ हजार पाचशे. समाप्ती सात चाळीस आणि चोवीस सेकंद.

“लावा,” पत्नी म्हणाली.

“लिहून ठेवले आहे.”

“फाडा तो कागद! मी सांगते, फाडा. चूल माझी आहे, मी बघते काय ते.”

मी कागदाकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले. सात एकोणचाळीस. बत्तीस वर्षांत मी एकही दस्त नंतर खाडाखोड करून नोंदवला नव्हता. सात चाळीस. पडद्यावर चोवीस आकडा होता आणि तो कमी होत होता. माझा अंगठा उचलला गेला होता हे खरे आहे. तो पडला असता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

सोळा सेकंद उरले असताना ओळ हलली. बोलीदार क्रमांक तीन : नऊ हजार एक.

पत्नी ओरडली. मी ओरडलो नाही. मी मोबाईल दोन्ही हातांनी धरून बसलो आणि पुढची दोन मिनिटे अकरा क्रमांकाने काही करू नये म्हणून पडद्याकडे अशा रागाने पाहत राहिलो, की त्या रागाचा त्याच्यावर परिणाम झाला असावा. त्याने काही केले नाही. सात बेचाळीसला तिथे लिहून आले : ‘विकले गेले.’

सात त्रेचाळीसला फोन वाजला.

“आरं,” तो म्हणाला. आवाज जाड झाला होता, पण तोच होता. “सात नंबर तूच व्हतास व्हय रं?”

“होय.”

“आन् मी सात दिस तुझ्याशीच झुंजत व्हतो?”

“तुझ्या एकोणीस बोली आहेत. माझ्याकडे वेळेसकट नोंद आहे.”

तो हसू लागला. व्हरांड्यात हसला होता तसाच, वरून खाली, थांबत थांबत. मला त्या हसण्याचा सत्तेचाळीस वर्षे राग होता. मी फोन कानाशी धरून ते पूर्ण ऐकले.

“पत्रांची उत्तरे का दिली नाहीस?” मी विचारले.

“काय लिहू? तुझ्यावानी मला लिवता येत न्हाई. धा दा बसलो. दोन वळी झाल्या की वाटायचं, ह्यात चुका काढील त्यो. काढल्या असत्यास की न्हाई?”

“काढल्या असत्या.”

*

दोन दिवसांनी मी सकाळी अकराच्या एसटीने कऱ्हाडमार्गे सांगलीला गेलो. तो वसतिगृहाच्या फाटकाशी उभा होता, पांढऱ्या टोपीत, आधीपेक्षाही आडवा. पोहोचायला मला तीन वाजले होते, आणि संस्थेच्या लिपिकबाईंनी सायकल बाहेर काढायला आणखी दोन तास लावले. दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले, सीट उंदरांनी खाल्लेले. फळी शाबूत.

बाईंनी लिलावाची पावती त्याच्या हाती दिली. मी निळ्या फाईलमधून आमची काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“हे काय आहे काका?”

“मूळ ठेवपावती. यावर ‘परत दिली’ असे लिहून शिक्का मारा. दोघे समक्ष हजर आहोत.”

“अहो, पण सायकल तुम्ही विकत घेतली ना?”

“ते हक्क राखून.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “मारा की बाई शिक्का. न्हाईतर अजून सत्तेचाळीस वर्सं ह्यो हितंच बसल, आन् ह्याच्यापायी मला बी बसावं लागंल.”

त्यांनी शिक्का मारला. सायकल कोणाकडे किती महिने राहील याचा करार मी प्रवासातच लिहून काढला होता, तो मी त्याला दिला. सही करून तो म्हणाला, “मला बी एक प्रत पायजे.” मी दोन आणल्याच होत्या.

मी हँडल धरले आणि आम्ही सायकल ढकलत त्याच्या दुकानाच्या दिशेने निघालो. तो सवयीने फळीच्या बाजूला राहिला. चाके कुरकुरत होती. थोडे अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आले की तो मागे पडला आहे. वळून पाहिले, तर रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याने मावळतीकडे हात लांब केला होता.

“किती आहे?” मी विचारले.

“चार बोटं. सावकाश चल.”